अण्णांची गाडी अडीच महिने उभी होती, आता काही केल्या सुरू होईना. मदत हवीय

तांबडीमाती (शनिवार, सकाळी ८:४०)

नमस्कार मंडळी. काल रात्रीच्या गाडीने गणपतीला गावी आलोय, देवरुखपासून आठ-नऊ किलोमीटर आत आमची वाडी. अण्णांची १०० सीसीची गाडी आहे, २०११ची, कार्बोरेटरवाली, फक्त किक, सेल्फ नाही. जूनमध्ये अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हापासून पडवीत उभी आहे, कोणी हातच लावला नाही. आज पहाटेपासून किक मारतोय, शंभर तरी मारल्या असतील, पाय भरून आला. साधा भुक्क आवाजसुद्धा नाही. टाकी हलवून बघितली, अर्धी तरी असेल. चोक ओढून बघितला, न ओढता बघितला. प्लग नवीन आणून टाकला (अण्णांनी डिकीत एक ठेवलाच होता). प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवून किक मारली तर करंट, म्हणजे ठिणगी, दिसत नाही. गावातल्या मिस्त्रीला फोन केला तर म्हणाला सीडीआय (प्लगला ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेला असणार, बदलावा लागेल, पण त्याच्याकडे सणामुळे गाड्यांची रांग आहे, गणपती झाल्यावर बघतो म्हणाला. बाजारहाट सगळा याच गाडीवर असतो आणि अण्णा सकाळपासून तीनदा येऊन गाडीकडे बघून गेले, काही बोलत नाहीत पण मला कळतं. कोणाला काही सुचत असेल तर सांगा.

घाटवाट (शनिवार, सकाळी ८:५५)

एअर फिल्टरचा पाइप काढून तिथे झाकणभर पेट्रोल ओत आणि किक मार, लगेच पकडेल. आमच्याकडे सगळे असंच करतात.

रानजाई (शनिवार, सकाळी ९:०५)

घाटवाट, कृपा करून हे नका सांगू कोणाला. मिसफायर होऊन ज्वाळ उलटी आली तर उघड्या पाइपातून थेट हातावर तोंडावर येते. माझ्या मामेभावाचा हात असाच भाजला होता, पडवीतच, शेजारी पेंढा रचलेला होता, थोडक्यात वाचलं घर. आणि त्याला करंटच येत नाहीये म्हणतोय, मग पेट्रोल ओतून होणार काय?

तांबडीमाती, आधी साधं सांगा. किल्ली ऑन केल्यावर न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतो का? पेट्रोलचा कॉक ऑनवर आहे ना, अण्णांनी बंद करून ठेवला असेल तर? आणि किक मारल्यावर पायाला नेहमीसारखा जोर लागतो की किक मोकळी जातेय?

तांबडीमाती (शनिवार, सकाळी ९:२०)

दिवा लागतो पण मंद आहे. कॉक अण्णांनी बंद केला होता, मी आल्या आल्या ऑन केला. किकला जोर नेहमीसारखाच लागतोय, मोकळी नाही जात.

निवृत्त_फिटर (शनिवार, सकाळी ९:५०)

मी एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली, आता घरी असतो, दुचाक्या बघतो शेजाऱ्यांच्या. बाळा, शांत हो आणि किक मारणं आधी थांबव. किकला जोर लागतोय म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आहे, इंजिन आतून धड आहे, ही निम्मी काळजी गेली. आता राहिलं करंट आणि पेट्रोल. दोन्ही एकदम बघायचं नाही. करंट आधी.

मला सांग, प्लग टेकवलास तो कुठे टेकवलास? इंजिनाच्या पंख्यांवर (बाहेरच्या पात्यांवर) काळा रंग असतो, त्या रंगावर प्लग टेकवला तर अर्थिंग मिळत नाही आणि चांगला करंट असूनही दिसत नाही. प्लगचं लोखंडी अंग उघड्या धातूला लागलं पाहिजे, हेडच्या बोल्टचं डोकं घासून त्याला लाव. प्लगच्या भोकापासून लांब धर, आतून पेट्रोलची वाफ येते किक मारल्यावर, भोकावर ओली चिंधी घाल. आणि प्लग हवेत लोंबकळत ठेवून किक मारायची नाही, करंटला जायला वाट मिळाली नाही तर कॉइलवर आणि सीडीआयवर ताण येतो, चांगला सीडीआय मग खरंच जायचा. सावलीत कर हे, उन्हात ठिणगी दिसत नाही.

तांबडीमाती (शनिवार, सकाळी १०:३५)

काका, तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत, मी रंगावरच टेकवला होता. आता बोल्टचं डोकं पॉलिश पेपरने घासून त्यावर टेकवला, पुतण्याने किक मारली, मी पडवीचा पडदा ओढून अंधार केला. ठिणगी दिसते पण कशी, पिवळट, बारीक, दहा किकांत एखाद-दोनदा. म्हणजे सीडीआय कमजोर झाला का?

निवृत्त_फिटर (शनिवार, सकाळी १०:५०)

सीडीआय गेला की बहुतेक वेळा पूर्णच जातो. अधूनमधून पिवळी ठिणगी येतेय म्हणजे करंट निघतोय पण वाटेत कुठेतरी गळतोय. गाडी झाकून ठेवली होती का?

तांबडीमाती (शनिवार, सकाळी १०:५५)

हो, पावसाचं पाणी उडू नये म्हणून आईने प्लास्टिकचा कागद गुंडाळून सुतळीने आवळून बांधला होता, खालपर्यंत.

निवृत्त_फिटर (शनिवार, सकाळी ११:१०)

मग झालं. माऊलीने काळजीपोटीच केलं, पण आपल्याकडच्या पावसात प्लास्टिकच्या आत वाफ कोंडते, बाहेरच्या पावसापेक्षा आतली ओल वाईट. जुनं धोतर किंवा चादर टाकायची, हवा खेळती राहते.

आता प्लगची कॅप बघ. डाव्या हाताने वायर धर, उजव्या हाताने कॅप उलटी पिळत सोड, स्क्रूसारखी निघते, ओढायची नाही. आत वायरच्या टोकाला हिरवं आलंय का बघ. आलं असेल तर वायरचं टोक अर्धा सेंटिमीटर कापून टाक, आतली तांब्याची तार लाल चकचकीत दिसली पाहिजे, आणि कॅप पुन्हा पिळत बसव. वायर फार आखूड असेल तर कापू नको, नुसती घास. मल्टिमीटर असेल तर कॅपचं रेझिस्टन्स मोज, साधारण ५ किलोओम असतं बहुतेक कॅपांचं, फारच जास्त दाखवलं किंवा काहीच नाही दाखवलं तर कॅप गेली. कॅप स्वस्त असते रे, सीडीआयच्या आधी ती बदलून बघायची.

कातळसडा (शनिवार, सकाळी ११:३०)

काका म्हणतायत त्यात एक भर. कॅप काढून नुसत्या वायरचं टोक बोल्टपासून चार-पाच मिलिमीटर लांब धरून किक मारायची, तिथे ठिणगी निळी आणि टणटणीत उडाली तर कॉइल, सीडीआय, आतली पल्सर (ठिणगीची वेळ सांगणारी कॉइल) सगळं ठीक, दोष कॅपचाच. वायर हाताने धरू नका, जबर झटका बसतो. मी कपडे वाळत घालायचा प्लास्टिकचा चिमटा वापरतो.

तिथेही काही नसेल तर किल्लीच्या लॉकची वायर बघायची. या जुन्या गाड्यांत किल्ली बंद केली की एक वायर अर्थ होते आणि करंट बंद पडतो. लॉकमध्ये ओल गेली की किल्ली ऑन असूनही ती वायर अर्धवट अर्थच राहते. हेडलाइटच्या मागे त्या लॉकचं कपलर (वायरींचा जोड) असतं, ते सोडवून किक मारायची, करंट आला तर लॉक दोषी.

तांबडीमाती (शनिवार, दुपारी १२:४०)

मंडळी!!! कॅप काढली तर आत अक्षरशः मोरचुदासारखी हिरवी पूड, आणि वायरच्या टोकाची तार काळी पडून भुगा झालेली, बोट लावलं तर तुटून हातात आली. अर्धा सेंटिमीटर कापली, आत लालभडक तांबं निघालं. चिमट्याने धरून बघितलं, निळी ठिणगी, टक् टक् आवाज येतो तिचा. कॅपच्या आतली पितळी चकती सुईने खरवडून साफ केली आणि बसवली. प्लगलाही आता निळी ठिणगी. आणि चोक ओढून सातव्या किकला गाडी सुरू झाली, अण्णा आतून धावत आले.

पण दीड-दोन मिनिटं चालली आणि घुं घुं करत बंद. मग पुन्हा किका, काही नाही. दहा-पंधरा मिनिटांनी जेवणाआधी सहज मारली तर पुन्हा सुरू, पुन्हा मिनिटभरात बंद. चोक ढकलला तर ताबडतोब बंद पडते.

रानजाई (शनिवार, दुपारी १:००)

वा, करंटचं काम झालं. आता प्लग पुन्हा काढून बघा, ओला आहे की कोरडा. ओला असेल तर पेट्रोल जास्त जातंय, कोरडा असेल तर पोचतच नाहीये.

तांबडीमाती (शनिवार, दुपारी १:१५)

कोरडा. पांढरट.

सुपारीबाग (शनिवार, दुपारी १:२५)

मध्येच विचारतो, माफ करा, पण माझीही गाडी अडलीय. माझी बीएस-६, इंजेक्शनवाली, २०२१ची. सेल्फ दाबला की नुसतं टक-टक-टक आणि मीटरचे दिवे विझतात. किक नाहीच गाडीला. काल भर पावसात लांजा बाजारात ढकलत न्यावी लागली.

रानजाई (शनिवार, दुपारी १:४०)

सुपारीबागदादा, तुमची बॅटरी. दिवे विझतात हीच खूण. पण बॅटरी विकत घेण्याआधी तिची टोकं बघा, पांढरी-निळी बुरशीसारखी पूड आली असेल तर गरम पाण्याने आणि खायच्या सोड्याने धुऊन, घासून, पुसून, बोल्ट घट्ट करा. सोडवताना आधी वजा, बसवताना वजा शेवटी. मग मल्टिमीटर लावा, गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, १२च्या खाली असेल तर चार्जिंगला द्या. चार्ज करूनही सेल्फ दाबताच १०च्या बराच खाली जात असेल तर बॅटरी संपली. इंजेक्शनच्या गाडीला बॅटरी उतरून चालतच नाही कारण पेट्रोलचा पंप तिच्यावर चालतो, किल्ली ऑन केली की टाकीतून दोन-तीन सेकंद झूंऽऽ आवाज यायला हवा. तो येत नसेल तर फ्यूज आणि किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बघायचा. साइड स्टँड पण नीट वर आहे ना बघा, एप्रिल २०२० नंतरच्या पुष्कळ गाड्यांना स्टँड खाली असताना इंजिन चालू राहत नाही, माझ्या बहिणीने त्यापायी अर्धा तास काढला होता. इंजेक्टर वगैरे घरी उघडू नका.

निवृत्त_फिटर (शनिवार, दुपारी २:१०)

तांबडीमाती, जेवलास का? ऐक. सुरू होते, थोडी चालून बंद, थांबलं की परत सुरू. याचा अर्थ कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल हळूहळू साठतंय आणि इंजिन ते भराभर संपवतंय. येणारी वाट कुठेतरी चोंदलीय. वाटीच्या तळाला ड्रेनचा स्क्रू असतो, खाली काचेची बरणी धर, प्लास्टिकचा पेला नको, इंजिन थंड होऊ दे, आसपास देवाचा दिवासुद्धा नको. स्क्रू ढिला कर, कॉक ऑन ठेव आणि घड्याळ लावून बघ धार किती वेळ टिकते.

तांबडीमाती (शनिवार, दुपारी ३:२०)

बघितलं. आधी करड्या रंगाचं, वार्निशसारखा उग्र वास असलेलं चार थेंब पडलं, मग धार आली चांगली, पण साधारण अर्ध्या मिनिटात बारीक झाली आणि मग नुसते थेंब. रिझर्व्हवर केलं तरी तसंच. कॉक चोंदला असणार म्हणजे?

कातळसडा (शनिवार, दुपारी ३:३०)

कॉक चोंदला असता तर वाटीतलं थोडं पेट्रोल संपताच धार बारीक झाली असती. एवढा वेळ जोरात आणि मग कमी म्हणजे टाकीत हवा जात नाहीये. डब्याला एकच भोक पाडून तेल ओतलं की कसं गुडगुड करून थांबतं, तसं. टाकीचं झाकण उघडून परत बघा. धार सलग आली तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे.

तांबडीमाती (शनिवार, सायंकाळी ४:२५)

हे वाचून विश्वास बसणार नाही. झाकणाला किल्ली लावायला गेलो तर किल्ली आत जाईना. वरचं छोटं पातं सरकवून बघितलं तर आत लाल मातीचा गोळा घट्ट बसवलेला, वर बोटाच्या ठशासारखी गोल गोल वळी. कुंभारीण माशीचं घर! पडवीच्या वाशांवर असतात ती आम्हाला नवी नाहीत, पण गाडीच्या टाकीवर? आईच्या साडीची सेफ्टी पिन घेऊन अर्धा तास कोरलं, हळूहळू, माती आत टाकीत पडू नये म्हणून टाकी फडक्याने झाकून आणि तोंडाने फुंकत. आत दोन हिरव्या अळ्या निघाल्या, तिने पिल्लासाठी साठवलेल्या. किल्ली फिरवली आणि झाकण उचललं तसा सुस्सऽऽ आवाज आला, टाकीने श्वास ओढल्यासारखा. सगळे ऐकत होते. झाकण उघडं ठेवून धार बघितली, बरणी भरत आली तरी कमी झाली नाही.

या झाकणात हवा किल्लीच्या भोकातूनच जाते का?

निवृत्त_फिटर (शनिवार, सायंकाळी ४:५०)

बऱ्याच जुन्या झाकणांत तशीच जाते, किल्लीच्या बाजूने. झाकण पेट्रोलमध्ये नको, रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवून ब्रशने धू, वाळव, मग तोंडाने फुंकून बघ आरपार जाते का.

आता ती बरणी तशीच ठेव अर्धा तास, हलवू नको, मग तळाला काय दिसतं ते सांग.

तांबडीमाती (शनिवार, सायंकाळी ५:३०)

तळाशी पाण्याचे गोल मणी आहेत, पाच-सहा, हलवलं की पाऱ्यासारखे पळतात. आणि बारीक गंजाचे कण.

रानजाई (शनिवार, सायंकाळी ५:५५)

हे आजकाल फार व्हायला लागलंय. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. काही प्रमाणात पाणी ते स्वतःत सामावतं, पण त्याच्या पलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही वेगळं होऊन तळाला बसतं, आणि कॉक तर तळाजवळूनच ओढतो. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल बदलत राहतं म्हणून जाणवत नाही, अडीच महिने पावसाळ्यात उभी म्हणजे पुरेसा वेळ मिळाला. हे पेट्रोल सगळं काढून टाका, वाटेत मोरीत वा शेतात ओतू नका, मिस्त्रीकडे द्या पार्ट धुवायला. टाकीत नवीन दोन लिटर. २०११च्या गाडीचे रबरी पाइपही या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत, कडक झालेत का, वाकवल्यावर तडे दिसतात का ते बघा. पाइप स्वस्तच असतो, बदलून टाका.

बांधावरचा (शनिवार, रात्री ८:१०)

पाण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा माझी गाडी पूर्ण बुडाली, दोन दिवस चिखलात होती. पाणी ओसरल्यावर गल्लीतले सगळे पहिलं काय करत होते तर किक आणि सेल्फ मारून बघत होते. मला शेजारच्या काकांनी हात धरून थांबवलं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दाबलं जात नाही, हवेसारखं, आणि जोर देऊन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, मग इंजिनच खोलायचं. मी आधी प्लग काढला, मग किक हाताने हळूहळू फिरवली तर भोकातून गढूळ पाण्याची चूळ बाहेर आली. इंजिन ऑइल काढलं ते दूध घातलेल्या चहासारखं होतं. स्वस्तातलं ऑइल घालून पाच मिनिटं चालवून परत काढलं, असं तीनदा, तिसऱ्या वेळी ऑइल स्वच्छ दिसलं. एअर फिल्टर फेकला, कार्बोरेटर आणि टाकी धुतली, ब्रेकचे ड्रम उघडून चिखल काढला, वायरिंगची सगळी कपलरं सोडून उन्हात वाळवली. नऊ दिवस गेले पण गाडी आजही चालते. ज्यांनी घाईने किका मारल्या त्यातल्या दोघांची इंजिनं खोलावी लागली, पूर आल्यावर अजून ते दृश्य डोळ्यासमोर येतं.

तांबडीमाती (रविवार, सकाळी ११:४५)

बांधावरचा, वाचताना अंगावर काटा आला.

आमचं सांगतो. टाकी रिकामी केली, नवीन पेट्रोल, नवीन पाइप. गाडी सुरू होते आणि आता बंद पडत नाही, पण चोकवरच. चोक ढकलला की बंद. रेस दिली तर चालते, रेस सोडली की मरते.

कातळसडा (रविवार, दुपारी १२:०५)

स्लो जेट चोंदलाय. बिनरेसचं पेट्रोल त्या एवढ्याशा भोकातून जातं, वाटीत वाळलेल्या पेट्रोलची वार्निश त्यात बसते. कार्बोरेटर उतरवा, वाटीचे स्क्रू काढा, मध्ये मोठा मेन जेट आणि त्याच्या शेजारी बारीक तो स्लो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बरोबर मापाचं घ्या, पितळ मऊ असतं, खाच मोडली तर तो जेट निघणारच नाही. उजेडासमोर धरून भोकातून आरपार दिसलं पाहिजे. लोखंडी तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची पेट्रोल पिते. कार्बोरेटरच्या क्लीनरने भिजवा आणि पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारा, फारच हट्टी असेल तर वायरीतल्या तांब्याच्या केसाएवढ्या एका तारेने. बाजूचा मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू काढायच्या आधी आत किती आटे जातो ते मोजून कागदावर लिहा, तेवढाच परत सोडायचा.

तांबडीमाती (रविवार, सायंकाळी ६:५०)

स्लो जेटचं भोक डोळ्याला दिसतच नव्हतं, वाटलं भोक नाहीच याला. क्लीनरमध्ये अर्धा तास ठेवून पंक्चरवाल्याकडे नेला, त्याने हवा मारल्यावर मी तो सूर्याकडे धरला आणि सुईच्या टोकाएवढा उजेडाचा ठिपका दिसला. खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. मिक्श्चरचा स्क्रू दीड आटे होता, तेवढाच ठेवला.

बसवल्यावर अण्णा म्हणाले, सरक बाजूला, मी मारतो. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिलीय गेल्या आठवड्यात, त्यांनी ते आम्हाला सांगितलंच नव्हतं कारण गाडी सुरू होईल असं त्यांना वाटत नव्हतं. चोक ओढला, एक किक रिकामी, दुसरीला पकडली. मिनिटभराने चोक ढकलला. चालू राहिली. बारीक, एकसारखी, टुक टुक टुक. आई म्हणाली आता ते प्लास्टिक माटवाच्या (मांडवाच्या) सामानावर घालते.

काका, रानजाईताई, कातळसडा, सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्त्रीलाही फोन करून सांगितलं, सीडीआय बदलू नका म्हणून.

सुपारीबाग (रविवार, रात्री ९:१५)

अभिनंदन! माझीही सुरू झाली. टोकांवर पांढरा थर होता, सोड्याने धुतला, तरी ११.७च होती, रात्रभर चार्जिंगला लावली, सकाळी १२.७. सेल्फ एका दमात. धन्यवाद रानजाईताई.

निवृत्त_फिटर (सोमवार, सकाळी ७:३०)

छान झालं रे पोरा. दोन-चार दिवस चालली की टॅपेटचा (इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या भागांचा) आवाज ऐक, खटखट येत असेल तर थंड इंजिनावर सेटिंग करून घे. आणि झाकणाच्या किल्लीवरचं पातं ढिलं झालं असेल तर तेवढं बदल, नाहीतर ती कुंभारीण परत येईल, एकदा जागा आवडली की ती सोडत नाही.

तांबडीमाती (सोमवार, सकाळी ८:०५)

काका, पातं खरंच ढिलं आहे, आपोआप सरकतं. अण्णा आत्ता देवरुखला गेलेत गाडी घेऊन, नारळ, केळीची पानं आणि नवीन झाकण आणायला.